गेट नसलेलं अभयारण्य

नागपूरजवळच्या कन्हानच्या माणसाला वन्यजीव पाहायला फार लांब जावं लागत नाही. जबलपूर रोड धरायचा. मनसर ओलांडलं की पेंच व्याघ्र प्रकल्पाचं चोरबाहुलीचं गेट, पवनीहून आत वळलं की सिल्लारी, देवलापारच्या पुढे खुर्सापार. आमच्याकडे पाहुणे आले की पहाटेचा स्वेटर, थर्मासमधला चहा आणि पेंच हे ठरलेलंच. शाळेत शिकवत असताना मुलांनाही मी तिथेच नेत आले. त्यामुळे जंगलात वागायचं कसं हे आम्हाला कुणी वेगळं समजावत नाही. गेटवर नोंद होते, जिप्सीत सहा जण आणि सोबत गाईड, किती गाड्या आत सोडायच्या याला मर्यादा, खाली उतरायचं नाही, वाट सोडायची नाही, वेळ संपायच्या आत बाहेर. वाघ दिसला नाही तर कुणी भांडत नाही. सांबराचा कॉल ऐकू आला तरी सकाळ कारणी लागली असं आम्ही समजतो.

ही शिस्त आपोआप आलेली नाही आणि ती कधीही मोडू शकते. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण बछड्यांना घेऊन रस्ता ओलांडत होती आणि सफारीच्या गाड्यांनी तिला दोन्ही बाजूंनी अडवून धरलं. ती चित्रफीत आमच्याकडे प्रत्येकाच्या मोबाईलवर पोचली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गाईड आणि चालकांवर कारवाई झाली. मला त्यात सगळ्यात जास्त लागलं ते हे, की गाडीतले लोक आमच्यासारखेच होते. वर्षाचा शेवटचा दिवस, सोबत मुलंबाळं, हातात मोबाईल.

त्याच हिवाळ्यात कायद्याचं एक पुस्तक चाळताना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची पहिली अनुसूची नीट वाचली. वाघ तिथे असणारच. पण त्याच अनुसूचीत डॉल्फिन आहे, देवमासे आहेत, समुद्री कासवं आहेत, आणि समुद्राच्या तळाला चिकटून बसलेलं, दगडासारखं दिसणारं प्रवाळही आहे. पेंचच्या वाघिणीला जे संरक्षण, तेच मालवणच्या खडकावरच्या प्रवाळाला. मालवणला सागरी अभयारण्य आहे हेही तेव्हाच लक्षात आलं. १३ एप्रिल १९८७ ला जाहीर झालेलं, २९.१२ चौरस किलोमीटरचं, त्यातला ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा सिंधुदुर्ग किल्ला आणि पदमगड यांच्या भोवतीचा. सिंधुदुर्ग किल्ला पाहायला जाणारे आपले हजारो लोक ज्या पाण्यावरून होडीने जातात, ते पाणीच अभयारण्य. आणि त्याला गेट नाही. जंगलाची सवय असलेल्या आम्हा लोकांना तिथे काय दिसतं, आम्ही तिथे कसे वागतो, हे पाहायचं मी ठरवलं.

सोबत मुलगी आली, बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलेली. आणि माझा मामेभाऊ आला. आम्ही त्याला दादा म्हणतो. कोळसा खाणीत, भूमिगत कामात त्याची नोकरी गेली. कामठी, इंदर या आमच्या पंचक्रोशीतल्या खाणी. कन्हानात घरटी कुणीतरी पाळीला जाणारा असायचाच. दादाने आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. पोहायला मात्र तो कन्हान नदीत शिकलेला, कामठीकडच्या दगडी कमानींच्या पुलाखालच्या डोहांत. त्या नदीचं पाणी वैनगंगेतून प्राणहितेत, प्राणहितेतून गोदावरीत आणि शेवटी पूर्वेच्या समुद्राला जातं. आम्ही निघालो पश्चिमेला.

नागपूर-मडगाव गाडी आठवड्यातून दोनदा असते. भुसावळ, कल्याण, पनवेल करत ती कोकण रेल्वेला लागते आणि दुसऱ्या दिवशी कुडाळला उतरवते. प्रवास लांबचा आहे, पण सोपा आहे. कुडाळहून नेरूर, धामापूरमार्गे मालवण, तिथून तारकर्ली आणि पुढे देवबाग. देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र यांच्यामधली माडांची अरुंद पट्टी. निवास-न्याहारीच्या एका घरात उतरलो. घरमालक मासेमारी करणारे, साठीच्या पुढचे, आणि सीझनमध्ये पर्यटकांना बोटीतून नेणारे. गावात त्यांना तांडेल म्हणतात, मुलगी त्यांना तांडेलकाका म्हणू लागली.

मी त्यांना पहिल्याच संध्याकाळी विचारलं की बोटीत किती माणसं घेता. आठाच्या वर नाही, म्हणाले. जास्त घेणारे आहेत, पैसेही त्यांनाच जास्त मिळतात, पण माणसं वाढली की बोटीत गडबड वाढते, सगळी एकाच कुशीला धावतात, आणि मग ना त्यांना काही दिसतं ना बोट सरळ राहते. हे ते अगदी साधेपणाने सांगत होते. मला मे २०२२ ची बातमी आठवली. तारकर्लीच्या समुद्रात स्कूबा डायविंग करून परतणारी, वीस माणसांची बोट उलटली होती आणि दोन पर्यटकांचा मृत्यू झाला होता. समुद्रावर ‘लहान गट’ ही चैनीची गोष्ट नाही. लाईफ जॅकेट, बोटीचा परवाना आणि मोजकी माणसं यांवर तिथे जीव अवलंबून असतो.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता निघालो. आम्ही तिघं, कोल्हापूरचं एक जोडपं, तांडेलकाका आणि त्यांचा पुतण्या. जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा सकाळी हलका असतो, पाणी सपाट असतं. दुपारी खारा वारा सुटला की लाटा उठतात आणि मग डॉल्फिनचा पंख कुठला आणि लाटेची कड कुठली हे ओळखता येत नाही. म्हणून ही सहल सकाळचीच. पेंचमध्येही पहाटेचीच फेरी चांगली, पण तिथे प्राण्याची वेळ सांभाळायची असते, इथे वाऱ्याची.

कर्लीच्या मुखाशी, जिथे नदी समुद्राला मिळते, तिथे भोगव्याच्या डोंगराखाली काकांनी इंजिनाचा आवाज उतरवला. नदीबरोबर वाहून येणारं खाणं आणि त्यावर येणारी मासळी यामुळे हे मुख म्हणजे डॉल्फिनांचं चरण्याचं रान. इथे दिसतो तो हिंदी महासागरातला कुबड असलेला डॉल्फिन. टीव्हीवर उड्या मारणारा, तोंडावर हसू असल्यासारखा दिसणारा डॉल्फिन तो नव्हे. हा राखाडी, लांब चोचीचा, पाठीवर उंचवटा आणि त्या उंचवट्यावर बसवल्यासारखा छोटा पंख. किनारा सोडून तो फारसा खोल जात नाही. खाड्यांची मुखं, उथळ पाणी हीच त्याची वस्ती. आणि तीच नेमकी माणसाचीही. जाळी तिथे, बंदरं तिथे, शहरांचं सांडपाणी तिथे, आता पर्यटकांच्या बोटीही तिथे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत हा प्राणी धोक्यातला आहे, याचं मोठं कारण त्याचा हा किनाऱ्याचा लळा. मालवणकडचे मच्छीमार त्याला गादा म्हणतात आणि पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात.

काका पाण्याकडे पाहतच नव्हते, आकाशाकडे पाहत होते. सुरय पक्षी एका ठिकाणी घिरट्या घालून पाण्यात सूर मारत होते. खाली मासळीचा थवा असेल तर वरून पक्षी आणि खालून गादे. आमचा गाईड लंगुराच्या हाकेवर कान ठेवतो, तसे हे पक्ष्यांवर डोळा ठेवतात. त्यांनी बोट त्या दिशेला नेली, पण थव्यापर्यंत नाही. बऱ्याच अलीकडे इंजिन बंद केलं. कोल्हापूरच्या भाऊंनी विचारलं, “अजून जवळ नाही का जायचं?” काका म्हणाले, “तेंच्या पाठी लागाचा नाय. आपण उबे ऱ्हवया. तेंका येवचा आसला तर येतीत.”

इंजिन थांबल्यावर समुद्र केवढा आवाज करतो ते कळलं. बोटीच्या कुशीवर पाणी आपटत होतं, पक्षी ओरडत होते. आणि मग मागून, ज्या बाजूला आम्ही कुणीच पाहत नव्हतो, तिथून जोरात उच्छ्वास ऐकू आला. वळेपर्यंत पाठीचा उंचवटा पाण्याखाली जात होता. “पाय नं वं, तिकडं पाय!” दादा माझा दंड धरून ओरडला. पुढचा उच्छ्वास आणखी जवळून. दोन मोठे, आणि त्यांच्यामध्ये एक पिल्लू. पिल्लू आईच्या पाठीला इतकं चिकटून होतं की दोघं एकत्रच वर येत आणि एकत्रच खाली जात. मुलीने फोन काढला नव्हता. ती घड्याळात पाहत होती आणि दोन श्वासांमधलं अंतर मोजत होती, कारण हा माशासारखा दिसणारा प्राणी हवेवर जगतो, त्याला वर यावंच लागतं. कधी मिनिटभराने, कधी त्याहून बऱ्याच वेळाने. पाण्याखाली तो कुठे गेला हे आपल्याला ठाऊक नसतं, आणि पुन्हा कुठे वर येणार तेही नाही. वाघ झुडपात शिरला तरी झुडूप हललेलं दिसतं. इथे तेही नाही. पाण्याने आपल्याला काहीही सांगायचं नाकारलेलं असतं, आणि तरी माणसं त्या सपाट निळ्या पाण्याकडे टक लावून बसतात. मला ती अवस्था फार आवडली.

असं बराच वेळ चाललं. मग इतर बोटी आल्या.

हे मला मनापासून सांगायचं आहे, कारण ते पाहून वाईट वाटलं. पाचसहा बोटी, प्रत्येकीत भरपूर माणसं, आमच्या बोटीवरच्या लोकांची बोटं कुठे वळली आहेत ते पाहून आलेल्या. एकाने गादे वर आले त्या जागेवर थेट बोट घातली. दुसरा पलीकडून आला. मध्ये जागाच उरली नाही. शिट्ट्या, टाळ्या, इंजिनांचा घरघराट. डॉल्फिनाला पाण्याखालचं जग दिसतं त्याहून जास्त ऐकू येतं; तो स्वतः आवाज सोडून, त्याचा प्रतिध्वनी ऐकून मासळी शोधतो आणि पिल्लाशी संपर्क ठेवतो. तिथे पाचसहा इंजिनं एकदम सुरू असतील तर आई-पिल्लाचं काय होत असेल? ते पुन्हा वर आले तेव्हा खूप लांब, समुद्राच्या बाजूला होते, आणि त्यांच्या मागे बोटी वळल्या. मला कऱ्हांडल्याची ती वाघीण दिसत होती. इथे फक्त चित्रफीत काढून न्यायालयापर्यंत पोचवणारं कुणी नव्हतं.

काकांनी इंजिन सुरू केलं आणि बोट उलट दिशेला घेतली. त्यांना त्या बोटवाल्यांचा राग नव्हता. बहुतेक त्यांचेच भाऊबंद. पर्यटक अर्ध्या तासात डॉल्फिन दाखवण्याचे पैसे देतो, नाही दिसला तर पैसे कापतो, मग तो पोरगा काय करणार, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं. जिप्सीच्या चालकावर साईटिंगसाठी कोण दबाव आणतो हे आम्हाला चांगलं माहीत आहे. ऑस्ट्रेलियात याला ठरलेलं उत्तर आहे: डॉल्फिनपासून ५० मीटर, देवमाशापासून १०० मीटर यापेक्षा जवळ बोट न्यायची नाही, त्याबाहेरच्या पट्ट्यात वेग अगदी कमी ठेवायचा, आणि एका वेळी तीनहून अधिक बोटी तिथे नकोत. आपल्या ओडिशातल्या चिलिकात इरावती डॉल्फिन पाहायला सातपाड्याहून बोटी सुटतात, तिथेही अंतर आणि इंजिन यांबद्दल सूचना आहेत. देवबागच्या किनाऱ्यावर असा साधा फलक मला कुठे दिसला नाही. पर्यटकाला नियमच ठाऊक नसेल तर तो बोटवाल्याला भलतंच मागणार, आणि बोटवाला ते देणार.

डॉल्फिनसारखाच आणखी एक सस्तन प्राणी या पाण्यात आहे, पाठीवर पंख नसलेला, लाजाळू. तो आम्हाला दिसला नाही. परतताना एका उंच झाडावर समुद्री गरुड मात्र दिसला, पोटाने पांढराशुभ्र. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने या गरुडांची घरटी कोकणभर नोंदवली, आणि याच संस्थेने २००२ मध्ये वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांचं काम सुरू केलं. गावकऱ्यांनी अंडी सांभाळायची, पिल्लं समुद्रात जाताना पाहुण्यांनी दोरीच्या अलीकडे थांबायचं, राहायचं गावातल्याच घरांत. वेळासला दोरी आहे. देवबागच्या पाण्यात दोरी कशी बांधणार, हा प्रश्न मी काकांना विचारला. त्यांनी उत्तर दिलं नाही, पण बराच वेळ विचार करत राहिले.

स्नॉर्केलिंग त्याच्या पुढच्या दिवशी, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ. २५ नोव्हेंबर १६६४ ला छत्रपती शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम सुरू केलं आणि १६६७ मध्ये ते पुरं झालं. भोवतालच्या खडपांमुळे, म्हणजे पाण्यातल्या खडकांमुळे, शत्रूच्या जहाजांना इथे जवळ येणं कठीण होतं. त्याच खडपांवर प्रवाळ वाढलेलं आहे. वाट माहीत असलेल्याचीच होडी इथे नीट पोचते, हे साडेतीनशे वर्षांपूर्वीही खरं होतं आणि आजही आहे.

तारखेची निवड काकांची. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी तळापासून ढवळून निघतं, हातभर अंतरावरचंही दिसत नाही. अष्टमीच्या आसपास भांग असतो, भरती-ओहोटीचा जोर कमी, गाळ खाली बसलेला. “आज भांग आसा, पाणी निवळ गावतला,” असं ते म्हणाले होते. या किनाऱ्यावर नद्या गाळ आणतात, त्यामुळे अंदमान किंवा लक्षद्वीपसारखं काचेसारखं पाणी इथे अपेक्षूच नये. पावसाळ्यात तर सगळंच बंद. जून आणि जुलैत यांत्रिक बोटींच्या मासेमारीलाही बंदी असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा बरा काळ.

काकांच्या पुतण्याने नांगर टाकण्याआधी पाण्यात उडी घेतली, तळ पाहिला, आणि खडप सोडून वाळूत नांगर टाकायला लावला. एवढी एक गोष्ट पाहूनच मला या माणसांबद्दल विश्वास वाटला. नांगर प्रवाळावर पडला तर एका झटक्यात कित्येक वर्षांची वाढ मोडते.

मग मास्क आणि नळी. नाक मास्कमध्ये बंद, श्वास तोंडाने. हे ऐकायला सोपं आहे पण पाण्यात तोंड घातलं की शरीर नकार देतं. मुलगी घाबरली, वर आली, खोकली. “भियां नको गो बाये,” पुतण्याने तिची रिंग धरली, “हळू श्वास घे.” दादा मात्र पहिल्याच वेळी तोंड पाण्यात घालून शांत तरंगू लागला. आम्ही सगळेच चकित झालो. वर आल्यावर तो म्हणाला, “खाणीत सेल्फ रेस्क्यूअर शिकवत होते नं, तेच तं हाय हे.” खाणीत आग लागली किंवा विषारी वायू पसरला तर वापरायला कामगाराच्या कमरेला एक डबा असतो, त्यातली मुखनळी दातांत धरायची, नाकाला चिमटा लावायचा आणि घाबरून न जाता तोंडाने सावकाश श्वास घेत बाहेर पडायचं. त्याचा सराव वर्षानुवर्षं घेतलेला. जे शिक्षण काळोखात मरणाच्या भीतीने घेतलं, ते त्याला इथे मासे पाहायला कामाला आलं. त्याने मुलीचा हात धरला आणि सांगितलं, “श्वास सोडतानी मनातल्या मनात चार मोज. घाई करू नको.” ती शिकली.

खाली पाहिलं तर आधी शेवाळ. तपकिरी, उंच, माळरानावरच्या गवतासारखं एका दिशेने झुकणारं. हिवाळ्यात या खडपांवर ते माजलेलं असतं. त्याच्या मधल्या मोकळ्या जागांत प्रवाळ. चित्रांत पाहिलेली हरणाच्या शिंगांसारखी फांद्याफांद्यांची प्रवाळं इथे फारशी नाहीत. इथली गोलसर, ढिगासारखी, खडकाला लपेटून वाढलेली, काही ताटलीसारखी पसरट. गाळ सोसू शकणारीच इथे टिकतात. एकेक ढीग म्हणजे हजारो इवल्या प्राण्यांची वसाहत. प्रत्येकाने स्वतःभोवती चुन्याचं घर बांधलेलं, आणि त्याच्या अंगात राहणारी सूक्ष्म शैवालं सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्याला देतात. पाणी नेहमीपेक्षा थोडं तापून तसंच राहिलं की हे नातं तुटतं, शैवालं निघून जातात आणि प्रवाळ पांढरं पडतं. मालवणमध्ये २०१५ च्या सुमारास असं विरंजन झाल्याच्या नोंदी आहेत.

त्या ढिगांवर मासे. पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले सार्जंट मेजर थव्याने, फुलपाखरू मासे जोडीने. एक पोपट मासा खडक खरवडत होता आणि त्याचा कुरकुरणारा आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येत होता. कपारीत एक गोब्रा, ठिपक्याठिपक्यांचा, आमच्याकडे पाहत जागेवरच. काळ्या लांब काट्यांचे सी-अर्चिन. मुलगी एकेकाचं नाव सांगायला डोकं वर काढायची आणि पुन्हा खाली जायची. ज्या पोरीला पाण्याची भीती वाटत होती तिला बाहेर बोलावताना आता आम्हालाच हाका माराव्या लागत होत्या.

जवळच दुसरी एक बोट होती. तिच्यावरचा मुलगा पाण्यात पावाचे तुकडे टाकत होता. मासे घोळक्याने त्याच्याभोवती जमले, पर्यटक खूश. काही जणांना खोलीचा अंदाज आला नाही आणि ते दमल्यावर खाली पाय टेकून उभे राहिले. ज्यावर उभे राहिले ते प्रवाळ होतं. त्यांना ते दगडच वाटत होते, सांगणारं कुणी नव्हतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी पर्यटकांच्या डायविंगमुळे मालवणच्या प्रवाळांची मोडतोड होते हे २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मांडलं आहे. मी ते वाचून गेले होते. तरी पायाखाली तुकडा मोडताना पाहणं वेगळं. पाव खायला घालणंही तसंच घातक. पोपट मासा शेवाळ खातो म्हणून प्रवाळाला जागा आणि प्रकाश मिळतो. त्याने पावच खाल्ला तर त्याचं काम कोण करणार? पेंचमध्ये माकडाला बिस्कीट टाकणाऱ्याला आम्ही थांबवतो. इथे मी त्या मुलाला हाक मारून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, पिशवी गुंडाळली. पुढच्या फेरीला त्याने काय केलं असेल ते मला माहीत नाही.

दादा बोटीत चढून बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “खाणीत जे पायलं ते तोडूनच आनलं आपुन. इथं नुसतं पाहाचं. बरं वाटलं वं.”

रात्री अंगणात काकांशी बोलताना अभयारण्याचा विषय काढला. तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. १९८७ पासून मालवणच्या मच्छीमारांनी या अभयारण्याला विरोध केला आहे, आणि त्यांच्या बाजूने पाहिलं की तो समजतो. किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणारा, लहान होडीतून जाळं टाकणारा माणूस या पाण्यावर पिढ्या जगला. त्याला वाटलं, उद्या आपल्यालाच बाहेर काढतील आणि पर्ससीन जाळ्यांच्या मोठ्या बोटी बाहेरच्या पाण्यात सगळी मासळी उपसत राहतील. पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांच्यात या किनाऱ्यावर मारामाऱ्यांपर्यंत प्रकरणं गेली आहेत. आमच्या पेंचच्या काठावरच्या गावांनीही हे सोसलं आहे. तोतलाडोहच्या जलाशयात मासेमारी करणाऱ्यांचा वाद आम्ही लहानपणापासून ऐकतो. त्यामुळे कागदावर अभयारण्य आहे एवढ्याने मला आनंद होत नाही. ज्याचं पोट त्या पाण्यावर आहे तोच त्याचा राखणदार व्हायला हवा, आणि त्याला त्याचे पैसे मिळायला हवेत.

काही प्रमाणात ते घडतंही आहे. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा झाला. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांनी इथे प्रवाळांवर काम केलं, आणि तारकर्लीला एम.टी.डी.सी.ची स्कूबा डायविंग शिकवणारी संस्था उभी राहिली. गावातली मुलं आज पाण्याखाली माणसाला सांभाळून नेण्याचं काम जाणतात. राज्य सरकारने २०१८ मध्ये आणखी एक चांगली गोष्ट केली: जाळ्यात देवमुशी किंवा कासवासारखा संरक्षित प्राणी अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई. काकांच्या ओळखीत असं जाळं कापलेले लोक आहेत. जाळं म्हणजे त्यांची सगळी पुंजी, ती स्वतःच्या हाताने कापायची. पर्यटकाने ५० मीटरवर थांबणं त्यापुढे काहीच नाही.

आणि हा किनाऱ्यालगतचा पट्टा म्हणजे या समुद्राचा उंबरठाच. २०१५ मध्ये कुणकेश्वरजवळच्या समुद्रात संशोधकांना निळा देवमासा दिसला, पृथ्वीवरचा सगळ्यात मोठा प्राणी, आणि सोबत पिल्लू. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभराहून अधिक किलोमीटरवर कान्होजी आंग्र्यांच्या नावाची आंग्रिया बँक आहे, पाण्याखाली बुडालेलं विस्तीर्ण पठार, ज्यावर इथल्यापेक्षा कितीतरी समृद्ध प्रवाळ आहे. तिथे पर्यटन न्यावं अशी चर्चा अधूनमधून होते. माझं मत स्पष्ट आहे: आधी देवबागच्या मुखाशी एका वेळी तीन बोटींचा नियम पाळून दाखवू, मग आंग्रियाचं नाव काढू.

कन्हानला परतल्यावर दादाने पानठेल्यावर, चौकात, जुन्या खाणकामगारांच्या बैठकीत हे सगळं इतक्या वेळा सांगितलं की त्याचे पंधरा मित्र जायला तयार झाले. सगळ्यांना एकच मोठी बोट हवी होती, स्वस्त पडते म्हणून. मी काकांना फोन केला. ते म्हणाले, दोन फेऱ्या करू, आठ आणि सात. माणशी खर्च वाढतो. त्यावर दोन संध्याकाळी वाद झाला. काही जण म्हणाले, एवढ्या लांब जाऊन वेगवेगळं कशाला बसायचं. दादा म्हणाला, खाणीत पिंजऱ्यातून उतरतानाही आपण पाळीपाळीने उतरत होतो, तेव्हा कुणी तक्रार केली नाही. नऊ जण तयार झाले आहेत, बाकीचे अजून हिशेब करताहेत. डिसेंबरमधल्या अष्टमीच्या आसपासच्या तारखा मी त्यांना पंचांगातून काढून दिल्या आहेत. गाडी आठवड्यातून दोनदाच असल्याने त्यातल्या कुठल्या तारखेला भांगाचं पाणी आणि आरक्षण दोन्ही मिळतं, ते आता मुलगी पाहते आहे.